खेळाडू ते प्रशिक्षक : बिल रसेल यांची कारकीर्द



स्मृतिव्याख्यानासाठी वक्ता बहुधा एखादा संत, समाजसुधारक किंवा स्वातंत्र्यसैनिक निवडतो. मी आज एका बास्केटबॉलपटूविषयी बोलणार आहे, आणि तोही दूर अमेरिकेतील. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गाइतकेच मैदानावरही शिक्षक होते. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात खेळाचा विषय उपरा ठरू नये. दुसरे असे की, खेळाचा इतिहास हा केवळ हारजितीचा हिशेब नसतो. कोणाला खेळू दिले, कोणाला नेतृत्व करू दिले आणि कोणाला शिकवू दिले, याची नोंद त्यात असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही नोंद महत्त्वाची वाटते.

आपल्या सीमाभागाला तालमीची परंपरा आहे. ज्याने अंगाला माती लावली नाही, त्याला वस्ताद म्हणून कोणी मानत नाही. परंतु प्रत्येक नामांकित पैलवान चांगला वस्ताद होतो असेही नाही. स्वतःला डाव येणे वेगळे आणि तो दुसऱ्याच्या अंगात उतरवणे वेगळे. बास्केटबॉलच्या बाबतीत तर हा प्रश्न खेळाच्या जन्मापासूनचा आहे. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, भिंतीच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ निर्माण केला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाच्या जनकालाही प्रशिक्षक म्हणून पराभवांचीच संख्या अधिक पाहावी लागली, ही गोष्ट या विषयाची अवघड बाजू दाखवते.

विल्यम फेल्टन रसेल, म्हणजेच बिल रसेल, यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ रोजी लुइझियाना राज्यातील मन्रो या गावी झाला. तो वर्णभेदाचा दक्षिण प्रांत होता. गोऱ्या गिऱ्हाइकांचे सारे काम होईपर्यंत पेट्रोल पंपावर ताटकळलेल्या वडिलांना निघून जाताना बंदुकीचा धाक दाखवण्यात आला. नीटनेटका पोशाख केला म्हणून आईला पोलिसाने दरडावले. अशा आठवणी रसेल यांनी पुढे सांगितल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थलांतरित झाले. रसेल बारा वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले.

ओकलंडच्या मॅक्लिमंड्स हायस्कूलमध्ये शिकताना हा उंच, किडकिडीत मुलगा खेळात मुळीच चमकत नव्हता. तेथील प्रशिक्षक जॉर्ज पाउल्स हे गौरवर्णीय शिक्षक होते. कनिष्ठ संघासाठी गणवेश होते पंधरा आणि रसेल होते सोळावे. पाउल्स यांनी त्यांना वगळले नाही. एकच गणवेश दोन मुलांनी आळीपाळीने वापरावा, अशी व्यवस्था त्यांनी केली. हा तपशील आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात रसेल यांना शिष्यवृत्ती मिळाली. बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरून उचलू नयेत, असा त्या काळचा दंडक होता. रसेल यांनी तो मोडला. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू हवेत झेप घेऊन अडवायचा, आणि तोही मैदानाबाहेर न भिरकावता आपल्या सहकाऱ्याच्या हाती जाईल अशा रीतीने, हे तंत्र त्यांनी विकसित केले. त्यांचे खोलीतील सोबती आणि संघातील सहकारी के. सी. जोन्स यांच्याबरोबर त्यांची रात्र-रात्र चर्चा चाले. चेंडू कोणत्या कोनातून येईल, कोठे उसळेल, कोणी कोठे उभे राहावे, हा जणू भूमितीचा अभ्यासच होता. या विद्यापीठाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. रसेल यांच्यासारख्या उंच खेळाडूंना आवर घालण्यासाठी महाविद्यालयीन खेळात जाळीखालच्या पट्ट्याची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आली. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला ८९-५५ असे हरवले. रसेल त्या सुवर्णपदक विजेत्या संघात होते.

डिसेंबर १९५६ मध्ये ते बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघातून खेळू लागले. प्रशिक्षक होते रेड अवरबाख. या संघाने १९५० मध्ये चक कूपर यांची निवड केली होती. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे एन.बी.ए.च्या, निवड प्रक्रियेत निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. रसेल आले आणि त्याच मोसमात सेल्टिक्सला पहिले अजिंक्यपद मिळाले. पुढे १९५९ ते १९६६ अशी सलग आठ अजिंक्यपदे या संघाने जिंकली. रसेल यांना पाच वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. ९६३ सामन्यांत त्यांनी २१,६२० रिबाउंड घेतले, म्हणजे सामन्यामागे सरासरी २२.५. तथापि गुण मिळवणाऱ्यांच्या यादीत ते कधीच अग्रभागी नव्हते. जाळीतून परत आलेला चेंडू मिळवणे, प्रतिस्पर्ध्याची वाट रोखणे आणि सहकाऱ्याला मोकळी जागा करून देणे, ही पडद्याआडची कामे हाच त्यांच्या खेळाचा गाभा होता. माझ्या मते त्यांच्यातील प्रशिक्षकाची बीजे येथेच आहेत. जो दुसऱ्याचा खेळ सुकर करतो, तो न बोलता शिकवतच असतो.

परंतु मैदानावरील गौरव मैदानापुरताच राहिला. १९६१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे एका प्रदर्शनीय सामन्यासाठी गेलेल्या सेल्टिक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलच्या उपाहारगृहात खाद्यपदार्थ देण्याचे नाकारले गेले. रसेल आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळता परतले. बोस्टनजवळच्या रेडिंग या गावातील त्यांच्या घरात समाजकंटकांनी घुसून चषकांची मोडतोड केली आणि भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या. ज्या शहराला त्यांनी एकामागून एक अजिंक्यपदे मिळवून दिली, त्याच्या परिसरात त्यांना हे भोगावे लागले. १९६३ मध्ये मिसिसिपीत नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली. त्यानंतर जीवाला धोका असतानाही रसेल जॅक्सन शहरी गेले आणि तेथे त्यांनी कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांसाठी एकत्र बास्केटबॉलचे शिबिर घेतले. प्रशिक्षक म्हणून नेमणूक होण्याच्या तीन वर्षे आधीची ही शिकवणी. तिचा निकाल कोणत्याही गुणफलकावर लागायचा नव्हता.

आता मी मुख्य प्रसंगाकडे येतो. १९६६ मध्ये अवरबाख प्रशिक्षकपदावरून निवृत्त होणार होते. उत्तराधिकारी म्हणून त्यांनी आधी फ्रँक रॅम्झी आणि बॉब कूझी यांना विचारले. दोघांनीही नकार दिला. टॉम हाइन्सन यांनीही, रसेल यांना सांभाळणे आपल्याला जमणार नाही, त्यांनाच प्रशिक्षक करावे, असे सुचवले. लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पहिला सामना सेल्टिक्स हरले आणि लगेच अवरबाख यांनी रसेल यांच्या नेमणुकीची घोषणा केली. लेकर्सच्या विजयाची बातमी मागे पडली आणि वर्तमानपत्रांत रसेल यांचेच नाव गाजले. ती मालिकाही अखेर सेल्टिक्सनेच सातव्या सामन्यात ९५-९३ अशी जिंकली.

रसेल हे एन.बी.ए.चे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. इतिहासाच्या दृष्टीने येथे थोडी काटेकोर नोंद हवी. फ्रिट्झ पोलार्ड यांनी १९२१ मध्येच व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये अॅक्रनच्या संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले होते. जॉन मॅक्लेंडन यांनी १९६१ मध्ये एका अल्पायुषी बास्केटबॉल लीगमध्ये क्लीव्हलँडच्या संघाला मार्गदर्शन केले होते. परंतु वर्णभेदाची भिंत पडल्यानंतरच्या प्रमुख व्यावसायिक खेळांत हे स्थान प्रथम रसेल यांनाच मिळाले.

नेमणुकीच्या वार्ताहर परिषदेत त्यांना एक प्रश्न विचारण्यात आला : कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून आपण गोऱ्या खेळाडूंना निःपक्षपातीपणे वागवू शकाल का? रसेल यांच्या उत्तराचा आशय असा, की होय. कारण महत्त्वाची गोष्ट आदर ही आहे आणि बास्केटबॉलमध्ये माणसाचा आदर त्याच्या कर्तबगारीवरून ठरतो. उत्तर संयमी होते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने उत्तरापेक्षा प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यावे. त्यापूर्वी अनेक गोऱ्या प्रशिक्षकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना खेळवले होते. तुम्ही निःपक्षपाती राहाल का, असे त्यांना पदग्रहणाच्या दिवशी विचारण्याचा प्रघात नव्हता. समाज ज्याला वरचा मानतो त्याचा न्याय गृहीत धरला जातो. खालच्याला तो सिद्ध करावा लागतो.

हा अनुभव आपल्याला परका नाही. आपल्या शेजारच्या धारवाडात जन्मलेले पालवणकर बाळू हे आपल्या काळातील श्रेष्ठ भारतीय गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी मिळवले. परंतु चांभार जातीत जन्मलेल्या या खेळाडूला मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद रीतसर कधीच देण्यात आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, आणि तेही मोठ्या वादानंतर. बाळूंची गोलंदाजी हवी होती, हुकूम नको होता. बोस्टन आणि मुंबई यांच्या परिस्थितीत पुष्कळ फरक आहे, तो पुसून टाकण्याचे कारण नाही. तरीही एक सूत्र दोन्हीकडे समान दिसते. वंचिताला खेळू देणे समाजाला आधी परवडते. त्याच्या हाती अधिकार सोपवणे मात्र सर्वांत शेवटी.

रसेल हे खेळाडूही राहिले आणि प्रशिक्षकही झाले. हाताशी सहायक प्रशिक्षक नव्हता. स्वतः जाळीखाली उभे राहून प्रतिस्पर्ध्याला अडवायचे आणि त्याच वेळी कोण थकला, कोणाला बसवायचे, कोणाला उतरवायचे, याचे भान ठेवायचे, अशी ही दुहेरी कसरत होती. १९६६-६७ च्या मोसमात सेल्टिक्सने ६० सामने जिंकले आणि २१ गमावले. परंतु विल्ट चेंबरलेन यांच्या फिलाडेल्फिया संघाने पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत त्यांना ४-१ असे नमवले. आठ वर्षांची परंपरा नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच वर्षी खंडित झाली. टीकाकारांना याहून सोयीचे निमित्त कोणते हवे होते? रसेल मात्र पराभवानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत गेले आणि त्यांनी चेंबरलेन यांचे हात हाती घेऊन अभिनंदन केले.

पुढच्या वर्षी याच दोन संघांची पुन्हा गाठ पडली. ४ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे मालिकेच्या आदल्या दिवशी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शोकमग्न मनःस्थितीत पहिला सामना खेळला गेला. सेल्टिक्सने तो जिंकला, पण पुढचे तीन गमावले. एन.बी.ए.मध्ये १-३ अशा पिछाडीवरून त्यापूर्वी कोणताही संघ वर आला नव्हता. रसेल यांच्या संघाने उरलेले तिन्ही सामने जिंकले. शेवटचा १००-९६ असा. त्यानंतर लेकर्सना ४-२ ने हरवून त्यांनी अजिंक्यपद परत मिळवले. मुख्य प्रशिक्षक म्हणून एन.बी.ए. अजिंक्यपद जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

१९६८-६९ च्या मोसमात संघ वयाने थकला होता. ४८ विजय आणि ३४ पराभव अशा कामगिरीसह तो विभागात चौथा आला. तरीही तो अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. समोर लेकर्स होते आणि आता चेंबरलेनही त्यांच्याकडेच होते. ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसला सातवा सामना झाला. विजयोत्सवासाठी लेकर्सच्या मालकांनी छताला फुगे बांधून ठेवले होते. अखेरच्या टप्प्यात चेंबरलेन जखमी होऊन बाहेर बसले. पुढे त्यांनी परत उतरण्याची तयारी दाखवली, परंतु लेकर्सच्या प्रशिक्षकांनी त्यांना उतरवले नाही. प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यात दुरावा असला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण. सेल्टिक्समध्ये असा दुरावा पडण्याला जागाच नव्हती, कारण तेथे प्रशिक्षक स्वतःच मैदानावर घाम गाळत होता. सेल्टिक्सने सामना १०८-१०६ असा जिंकला. फुगे छतालाच राहिले. रसेल यांचे तेरा वर्षांतील हे अकरावे अजिंक्यपद. त्यानंतर ते खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही भूमिकांतून बाहेर पडले.

कथा येथे संपली असती, तर ती केवळ गौरवगाथा झाली असती. १९७३ मध्ये सिअॅटल सुपरसॉनिक्सने त्यांना प्रशिक्षक आणि व्यवस्थापक म्हणून बोलावले. आदल्या मोसमात या संघाने फक्त २६ सामने जिंकले होते आणि बाद फेरीत तर तो कधीच पोहोचला नव्हता. रसेल यांनी १९७५ मध्ये त्याला प्रथमच तेथवर नेले. परंतु त्यापुढे मजल गेली नाही. वैयक्तिक गुणसंख्येपेक्षा संघ मोठा, ही त्यांची शिकवण नव्या पिढीच्या पचनी पडेना आणि रसेल यांची नाराजी वाढत गेली. १९७७ मध्ये ते निघाले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, सॅक्रामेंटो किंग्जने त्यांना नेमले. १७ विजय आणि ४१ पराभव झाल्यावर मोसम संपण्यापूर्वीच त्यांना प्रशिक्षकपदावरून दूर व्हावे लागले.

आकड्यांत एक विलक्षण योगायोग आहे. मुख्य मोसमाचे सामने मोजले, तर बोस्टनमध्ये तीन वर्षांत त्यांच्या संघाने १६२ सामने जिंकले आणि ८३ गमावले. सिअॅटलमध्ये चार वर्षांत पुन्हा बरोबर १६२ जिंकले आणि १६६ गमावले. विजय तेवढेच, पण एकीकडे अजिंक्यपदे आणि दुसरीकडे निराशा. प्रशिक्षक तोच, मग फरक कशाचा? बोस्टनमध्ये रसेल स्वतःच संघाचा कणा होते, म्हणून तेथील यश हे खेळाडू रसेलचे यश होते, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. परंतु मला कारण आणखी खोल वाटते. बोस्टनमध्ये त्यांना आदर मागावा लागला नाही. सॅम जोन्स, जॉन हॅव्हलिचेक यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे एकत्र घाम गाळला होता. हुकूम आणि सल्ला यांत तेथे फारसे अंतर उरले नव्हते. सिअॅटलमध्ये ते बाकाजवळ उभे होते आणि जे आपल्या अंगवळणी पडलेले आहे ते शब्दांत सांगत होते. कीर्ती माणसाला पदापर्यंत नेते; शिष्याच्या मनापर्यंत नेतेच असे नाही.

तथापि चार वर्षांच्या निकालावरून शिकवणीचे मोल ठरवण्याची घाई करू नये. रसेल यांच्या कारकिर्दीतच, १९७६ मध्ये, सिअॅटलने डेनिस जॉन्सन या फारशा परिचित नसलेल्या तरुणाची निवड केली होती. १९७९ मध्ये लेनी विल्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली सिअॅटलने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू हाच डेनिस जॉन्सन होता. विल्किन्स हेही कृष्णवर्णीय, आणि १९६९ मध्ये याच सिअॅटल संघात त्यांनी खेळाडू-प्रशिक्षक म्हणून सुरुवात केली होती. १९७५ च्या एन.बी.ए. अंतिम मालिकेत तर दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते : एकीकडे अल अॅटल्स आणि दुसरीकडे के. सी. जोन्स. होय, तेच के. सी. जोन्स, जे विद्यापीठाच्या खोलीत रसेल यांच्याबरोबर रात्र-रात्र कोनांचा हिशेब मांडत असत. १९६६ मध्ये जो अपवाद होता, तो नऊ वर्षांत बातमीच्या मथळ्यातून उतरू लागला होता. पहिल्या माणसाच्या यशाची ही एक खूण असते.

त्याच १९७५ मध्ये बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये पहिल्या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाने काम सुरू केले. त्यांचे नाव फ्रँक रॉबिन्सन. तेही रसेल यांच्याप्रमाणे खेळत असतानाच संघाचे नेतृत्व करू लागले. हे रॉबिन्सन ओकलंडच्या त्याच मॅक्लिमंड्स हायस्कूलचे विद्यार्थी, शाळेच्या बास्केटबॉल संघात रसेल यांचे सहकारी आणि बेसबॉलमध्ये त्याच जॉर्ज पाउल्स यांचे शिष्य. एका सामान्य वस्तीतील एका शाळेचे मैदान आणि एक शिक्षक. आणि दोन मोठ्या खेळांत बंद दार उघडणारे पहिले दोन पुरुष तेथूनच निघाले. पाउल्स यांचे नाव अजिंक्यपदांच्या याद्यांत सापडत नाही. सोळाव्या मुलाला अर्धा गणवेश दिल्याची नोंद कोणताही गुणफलक ठेवत नाही. इतिहासकाराने ती ठेवली पाहिजे.

रसेल यांना १९७५ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिभवनात खेळाडू म्हणून स्थान मिळाले. परंतु आपल्या आधी इतर कृष्णवर्णीय खेळाडूंचा हा मान होता, असे मानून ते समारंभाला गेले नाहीत. चक कूपर यांची तेथे निवड झाल्यावर, २०१९ मध्ये, त्यांनी आपली मानाची अंगठी स्वीकारली. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०२१ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, प्रशिक्षक म्हणूनही त्यांचा कीर्तिभवनात समावेश झाला. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हा मान मिळवणारे ते पाचवे. खेळाडू म्हणून मिळालेला मान आणि प्रशिक्षक म्हणून मिळालेला मान यांत ४६ वर्षांचे अंतर पडले. ३१ जुलै २०२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांचा ६ हा क्रमांक एन.बी.ए.च्या सर्व संघांनी निवृत्त केला. त्यापूर्वी हा मान त्या लीगमध्ये कोणालाही मिळालेला नव्हता.

श्रोतेहो, या सभागृहात विविध क्षेत्रांत नाव मिळवलेले माजी विद्यार्थी बसले आहेत. त्यांतील अनेकांवर आज ना उद्या दुसऱ्याला घडवण्याची जबाबदारी येईल. त्या वेळी आपल्या विक्रमांचा उपयोग थोडा होईल. सहकाऱ्याला जागा करून देण्याची सवय अधिक उपयोगी पडेल. आणि संघ निवडण्याचा अधिकार ज्यांच्या हाती येईल, त्यांनी पंधरा गणवेश संपल्यावर रांगेत कोण उरले आहे, एवढे अवश्य पाहावे.